नट्टापट्टा

सातपूरच्या रात्रशाळेत जोडशब्दांचा तास.
फळ्यावर मी लिहिले: सटरफटर, अघळपघळ, नट्टापट्टा,
आणि सांगितले, बऱ्याचदा यातला एकच खरा असतो,
दुसरा नुसता मागे लागून येतो,
पंगतीला शेजाऱ्यांचं पोर यावं तसा.

तिसऱ्या बाकावरून विमल गांगुर्डे,
वय एकोणचाळीस, सतरा नंबरचा फॉर्म:
"सर, नट्टा कळला. नटणं.
पण पट्टा उगाच आलाय म्हणू नका.
मी आठ आठ तास पट्ट्यापुढं उभी असते,
स्विचची खोकी येतात, थांबत नाहीत."

वर्ग हसला. मीही हसलो.
मग घरी जाईपर्यंत, त्र्यंबक रस्त्याच्या प्रत्येक सिग्नलला
तेच डोक्यात.

माझा कोश जुना, 'न'पाशी वाळवी लागलेला.
अर्थ शिल्लक होता, व्युत्पत्ती खाल्लेली.
अर्थाआधी कंसात एक शब्द: थट्टेने.
हे कंस कोण घालतं?

रविवारी गावात गेलो.
रविवार कारंजापाशी दशपुत्र्यांचं ड्रेपरीचं दुकान,
राजापासून वांग्यापर्यंत सगळे भाड्याने.
दाढीला डिंक लावत दशपुत्रे म्हणाले,
"नट म्हणजे आमचं गिऱ्हाईक, पट म्हणजे आमचा माल.
ट वर चढवलेला दुसरा ट, ती पावडर."

सराफ बाजारात तराजूवरचा मुलगा म्हणाला,
"कमरपट्टा. उघड आहे. दाखवू?"

बोहरपट्टीत कौसरआपा कुणाच्या तरी हातात
हिरव्या बांगड्या चढवत होत्या.
मान वर न करता म्हणाल्या,
"पट्टा नाही हो मास्तर, पट्टी.
गल्लीचं नाव वाचलं नाही येताना?"

ज्याने त्याने शब्दात आपलं दुकान मांडलं.
मी गोदाकाठी येऊन भेळ खाल्ली,
कागदाच्या पुडीवरचं व्याकरण तपासलं (सवय),
आणि परत आलो.

गुरुवारी विमल आली ती मोरपंखी साडीत.
कानात झुबे, अबोलीचा गजरा, ओठ रंगवलेले,
तारेनं झिजलेल्या नखांवर लाल पॉलिश,
अंगठ्यावरचं जरा बाहेर गेलेलं.
पाळदे काकांनी वहीतून डोकं काढलं,
"काय विमलताई, कुणाचं लग्न?"

"कुणाचं नाही."

"मग जायचंय कुठं?"

"हितंच तर आलेय."
मग बसता बसता, पदर सावरत, कुणाला असं नाही, म्हणाली,
"पट्ट्याची मोटर जळाली. दुपारीच सोडलं.
तीन वाजता घरी कुणी नसतं. मलाच माहीत नव्हतं.
नळाला पाणी नव्हतं, टीव्हीचा रिचार्ज संपलेला.
आरसा होता."

त्या दिवशी मी शुद्धलेखन घातलं.
ती शाई पदराला लागू नये म्हणून
हात लांब धरून लिहीत होती,
ऱ्हस्व दीर्घ नेहमीसारखेच चुकवत.
ट्यूबलाइट डोळे मिचकावायची, तेव्हा
झुबे आधी दिसत, मग ती.

घरी आल्यावर कोश काढला.
पेन्सिलीने तो कंस खोडला,
छापील शाई, खोडून किती जाणार.
व्युत्पत्तीच्या जागी वाळवीचं भोक तसंच आहे,
त्यातून पुढच्या पानावरची नथ दिसते,
अर्धीच: 'थ'.
ते मी बुजवलेलं नाही.

पण हे नंतरचं.
त्या रात्री साडेनऊला तास सुटला तेव्हा
ती टेबलापाशी थांबली. अबोली कोमेजली होती.

"सर, परीक्षेला येईल का हा शब्द?"

"नाही येणार बहुतेक."

"बरंय मग," म्हणाली,
आणि पिशवीतून कामाच्या चपला काढून,
चांगल्या आत ठेवून,
श्रमिकनगरच्या बसकडे चालू लागली.